पोपटी कापडाच्या दोन खुर्च्या

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आलो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण येऊन बसतं... कंपनीच्या कँटीनमध्ये मी हे मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर विचारायचो की त्या बाईला पिंपळच का लागतो, आंबा का चालत नाही? सातपूरला एका इंजिनीअरिंग कंपनीत मी सव्वीस वर्षं क्वालिटीला आहे. माझं काम मोजायचं. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. तेव्हा पुढचं सगळं एका मोजणाऱ्या माणसाने लिहिलंय असं समजून वाचा, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा.

इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मी, बायको सुनंदा आणि आई असे तिघं राहायचो. वडील, म्हणजे अप्पा, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे दोन आरामशीर खुर्च्या राहिल्या. देवळालीतला एक जुना बंगला पाडला तेव्हा तिथल्या सामानातून त्यांनी घेतल्या होत्या. सागवानी, उंच पाठीच्या, रुंद हातांच्या, वर काळं रेक्झिन. एक अप्पांची आणि दुसरी पाहुण्यांची. आईची यातली कुठलीच नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायची. पाहुणा नसला तरी पाहुण्यांची खुर्ची पाहुण्यांचीच. अप्पा मुख्याध्यापक होते, बाहेर त्यांना लोक देवमाणूस म्हणायचे. देवमाणसं घरात कशी असतात ते घरच्यांना विचारावं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून बसवतात. लोक दर्शन घेतात आणि मग समाधी देतात तीही बसलेलीच. अप्पांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं होतं. आई तेव्हाही समोर पाटावर बसली होती. कुणीतरी म्हणालं, आता तरी वर बसा वहिनी. ती म्हणाली, ते आहेत ना अजून. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी रडू आलं नाही.

पुढे आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, पाट बंद, जमिनीवर बसणं बंद, हात असलेली उंच खुर्ची वापरा. सुनंदा म्हणाली, दुकानातून नवी आणू. मी म्हटलं, असं सागवान आता मिळतं का कुठे? खरं कारण ते नव्हतंच. आईला मला अप्पांच्याच खुर्चीत बसवायचं होतं. बापावर सूड घ्यायला मी तो मरायची वाट पाहिली, इतका मी शूर.

कापड आईने निवडलं. उभ्या आयुष्यात तिने स्वतःच्या पसंतीने लुगडंसुद्धा घेतलं नव्हतं. दुकानात तासभर गठ्ठे चाचपून शेवटी तिने एका पोपटी कापडावर बोट ठेवलं. वर बारीक पांढरी फुलं. "फार भडक होईल का रे?" असं तिने चार वेळा विचारलं, पण बोट काही उचललं नाही. घरी येताना रिक्षात ती कापडाचा तुकडा मुठीत धरून बसली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी रिक्षावाल्याशीही गोड बोललो.

कामाला जुन्या नाशकातले रफिकभाई आले. साठीचे, सोफ्यांच्या कामात चाळीस वर्षं काढलेले. आमच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून त्यांनी दोन्ही खुर्च्या उघड्या केल्या. रेक्झिन फाडलं, आतला काथ्या काढला, खालचं तरट सोडवलं. अप्पांच्या खुर्चीत उजव्या हाताच्या फटीतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. हिरवे, मूठभर. रफिकभाईंनी ते कागदात बांधून माझ्याकडे दिले. आई त्या खुर्चीत कधी बसली नव्हती, मग तिच्या बांगड्या आत कशा? मी वर जाऊन तिला विचारलं. तिने तुकडे बोटाने पसरले आणि सहज सांगितलं, की चहा बिघडला की ते मनगट धरायचे आणि खुर्चीच्या हातावर दाबून ठेवायचे, त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत. मी त्याच घरात वाढलो. मला हे माहीत नव्हतं, किंवा मी कधी बघितलं नाही.

रफिकभाईंची एक पद्धत होती. नवा फोम घातला की वर कापड ओढायच्या आधी ज्याची खुर्ची त्याला एकदा बसवायचं. कुठे किती दबतं ते हाताने बघायचं, तिथे कापसाचा थर द्यायचा, मगच कापड ठोकायचं. याला ते 'बैठक घेणं' म्हणायचे. त्यांनी आईला बोलवायला सांगितलं. आई जिना उतरून आली, पण परक्या पुरुषासमोर बसायला तयार होईना. पदर सावरत नुसतीच उभी. मला दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. मी म्हटलं, माझीच घ्या बैठक, काय फरक पडतो.

"जिसकी कुर्सी, उसी की बैठक लेते हैं, साहेब," रफिकभाई म्हणाले. "आम्ही दुसऱ्याची नाय घेत."

मी ऐकलं नाही. आईच्या देखत दोन्ही खुर्च्यांत बसून दाखवलं. अंगकाठीने मी हुबेहूब अप्पा. आई तशीच वर निघून गेली.

रात्री घरी आलो तर दोन पोपटी खुर्च्या हॉलमध्ये. इतक्या देखण्या झाल्या होत्या, की कुठली अप्पांची हे मलाही ओळखू येईना. खिडकीजवळची आईची, असं आम्ही ठरवलं. आईने हात फिरवला, छान झालीय म्हणाली आणि उद्या बसते म्हणून आत गेली. सकाळी पाहतो तर खिडकीजवळच्या खुर्चीत खड्डा. मधोमध नाही, उजवीकडे. अप्पा उजव्या कोपरावर रेलून बसायचे. तरुणपणी सायकलवरून पडल्यापासून त्यांची कंबर वाकडी होती. मी सरळ बसतो. सुनंदा म्हणाली, फोम स्वस्तातला असेल. मी स्टीलची पट्टी आडवी टाकून खोली मोजली, अडतीस मिलिमीटर. दुसऱ्या खुर्चीत दोनसुद्धा नाही. फोम एकाच तुकड्यातून कापलेला, माझ्यासमोर.

आता क्वालिटीवाला काय करतो? जागा बदलून बघतो. मी खुर्च्यांची अदलाबदल केली. खड्ड्याची दाराकडे नेली, सपाट खिडकीजवळ आणली आणि आईला सांगितलं, ही तुझी. दुसऱ्या दिवशी दाराकडची सपाट होती. खिडकीजवळच्या खुर्चीत अडतीस मिलिमीटर, उजवीकडे. मग मी मुद्दाम आईला म्हटलं, तू आजपासून दाराकडच्या खुर्चीत बसायचं. तासाभरात खड्डा दाराकडे. खुर्च्या जागच्या हलवल्यादेखील नव्हत्या. घरात आम्ही तिघंच होतो आणि तिघंही माझ्या डोळ्यांसमोर.

रफिकभाईंना परत बोलावलं. त्यांनी खालचं कापड सोडून आत हात घातला, पट्टे चाचपले, सगळं जागच्या जागी होतं. मग वरून बैठकीवर तळहात ठेवला आणि लगेच काढला. "काम में गलती नहीं है, साहेब," ते म्हणाले. "पण खुर्ची रिकामी नाय." मी चिडलो. काम चुकलं की कारागीर भुताचं नाव पुढे करतो असं काहीतरी लागट बोललो. त्यांनी हत्यारं गोळा केली आणि चहा न घेता गेले. माणूस खरा होता, हे आता कळून काय उपयोग?

आणि आई? आई बसतच नव्हती. रोज काहीतरी निमित्त. आज उपास आहे, आज साडी चुरगळेल, आज पोळ्या राहिल्यात. पाट मी माळ्यावर टाकला होता, म्हणून ती नुसत्या फरशीवर बसायची आणि उठताना भिंत धरून कण्हायची. महिनाभर हे चाललं. एका रविवारी दुपारी जेवणानंतर माझं डोकं फिरलं. तिच्यासाठी एवढा आटापिटा केला आणि ही बया फरशीवरच. मी तिला दंडाला धरून उठवलं, खुर्चीपाशी नेलं आणि खांद्यावर दाबून बसवलं. हो, दाबून. ती बसली. मांडीवर हात ठेवून, अगदी कडेला.

"बघ, काही झालं का?" मी म्हटलं आणि विजयी मुद्रेने पाणी प्यायला आत गेलो.

परत आलो तेव्हा ती आत सरकली होती. पार उजवीकडे, कललेली. उजवा हात खुर्चीच्या हातावर सपाट. बोटांची टोकं पांढरी पडलेली.

"उठू का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आत्ताच तर बसलीस. ती पुन्हा म्हणाली, "उठू का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती माझ्याकडे बघतच नाहीये. स्वतःच्या मनगटाकडे बघत विचारतेय. मी म्हटलं, बरं ऊठ. ती उठली नाही. मी तिचा हात उचलायला गेलो. बेचाळीस किलोची बाई, आणि तिचा हात मला उचलता येईना! मी दोन्ही हातांनी ओढलं. ती ओरडली नाही, नुसतं पुन्हापुन्हा तेच, त्याच बेताच्या आवाजात, "उठू का? उठू का मी?" वीस मिनिटं तरी हे चाललं असेल. सुनंदा शेजाऱ्यांना बोलवायला निघाली. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी ओरडतो.

"ऊठ!"

हात सुटला. आई ताडकन उभी राहिली, डोक्यावर पदर ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उठले, अहो."

तो आवाज माझाच होता. मुलाचा आवाज बापासारखा निघतो, त्यात अमानवीय काही नाही. सुंभ जळतो, पीळ आमच्यासारख्यांत राहतो. पण तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते आणि मी ओढताना मनगटाला हात लावला नव्हता, कोपराला लावला होता. सुनंदा साक्षीला आहे.

त्या दिवसापासून आई सांगितल्याशिवाय काही करेना. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची. डॉक्टर म्हणाले वयाचा विसर आहे, गोळ्या दिल्या. मी माळ्यावरून पाट काढून दिला. त्यावर ती बसायची, गुडघे दुखत असूनही. मी तिची माफी मागितली नाही. मागावीशी फार वाटायची, पण मागायला गेलं की ती पदर ओढून उभी राहायची आणि मी परत फिरायचो.

तीन महिन्यांनी, सकाळचा चहा घेऊन, ती पाटावरच गेली.

सिन्नरहून मामा आले, चार नातेवाईक आले, विधी करायला स्वामी आले. अंघोळ झाली, विभूती लावली. मामा म्हणाले, कुठे बसवायचं? मी म्हटलं, खुर्चीत. सुनंदाने माझा हात धरला, मी झिडकारला. जिवंतपणी नाही तर नाही, निदान आता तरी माझी आई चारचौघांत खुर्चीत बसेल... तिचं पोपटी कापड, तिने निवडलेलं. आम्ही चौघांनी तिला बसवलं. ती घसरली. नीट मागे रेलवून पुन्हा बसवलं, पुन्हा घसरली, पुढे, कुणीतरी ढोपराने ढकलल्यासारखी. मामांनी धोतर खुर्चीच्या पाठीमागून घेऊन खांद्याखाली, कमरेला, दोन ठिकाणी पक्कं बांधलं. मामांनी जन्मभर बैलगाड्यांवर भारे बांधलेत, त्यांची गाठ सुटत नाही. हार घालायला स्वामी वाकले आणि दोन्ही गाठी एकदम सुटल्या. आई तोंडावर पडली. कपाळ फरशीवर आपटलं त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खोक पडली, रक्त अर्थातच आलं नाही.

"खाली घ्या तिला," स्वामी म्हणाले.

भिंतीपाशी पाट ठेवला. त्यावर तिला ठेवलं आणि मी बांधायला धोतर शोधू लागलो, तर मामा म्हणाले, राहू दे. आई ताठ बसली होती. टेकू नाही, गाठ नाही. खोक विभूतीने भरली. चार तास लोक दर्शनाला येत होते, ती तसूभर कलली नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती शांत बसल्यात, पुण्यवान बाई.

यावर लोक मला सांगतात: फोमची घनता, स्नायूंचं आखडणं, मनाचे खेळ. हे सगळं मी स्वतःला आधीच सांगून झालंय, तुमच्यापेक्षा चांगल्या भाषेत. खड्डा का हलायचा ते मला माहीत नाही. हात का उचलला नाही ते माहीत नाही. मामांच्या गाठी कुणी सोडल्या ते माहीत नाही. खुर्च्या अजून हॉलमध्येच आहेत. आता दोन्ही सपाट आहेत. ज्याला नेमकी तिचीच खुर्ची हवी होती, त्याला आता बसायचं कारण उरलेलं नाही.

फक्त एक गोष्ट मला पक्की माहीत आहे आणि तिला कुठलंही मोजमाप लागत नाही. आईला त्या खुर्चीत दोनदा बसवलं. जिवंत असताना एकदा, मेल्यावर एकदा. दोन्ही वेळा तिला कुणीही विचारलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा बसवणारा मी होतो, अप्पा नव्हते.