‘हाय’ वाचणारी मुलगी

नव्या पुस्तकाचा वास कसा असतो, असं मला विचाराल तर माझं उत्तर जरा विचित्र येईल. कोऱ्या कागदाचा तो मंद, किंचित गोडसर गंध, आणि त्याच्या पाठोपाठ सुक्या बोंबलाचा झणका! चिंचणीतल्या माझ्या घराच्या पडवीत दर शनिवारी दुपारी मुलांची पुस्तकं मांडलेली असतात. ज्याला हवं त्यानं न्यावं, वाचून परत आणावं. जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यात गेलेलं पुस्तक परत येतं ते खारं वारं आणि मासळी अंगाला माखूनच. नाक मुरडणारे मुरडोत बापडे. ज्या पुस्तकाला घराचा वास लागला नाही, ते त्या घरात कुणी उघडलेलंच नसतं.

पण या पडवीत खरी करमणूक करतात ते मुलांचे आईवडील. मनोरच्या बाजारात साधं वांगं घेताना चारदा उलटंपालटं करणारी ही चोखंदळ माणसं पुस्तक निवडताना अशी भाबडी का होतात, कोण जाणे. कुणाला ज्ञान वाढवणारं हवं असतं, कुणाला संस्कार करणारं. पोराला आवडेल असं द्या, हे मात्र कुणाच्या ओठावर येत नाही. मग मी त्यांना म्हणते, पापलेट घेताना कल्ले उचलून बघता ना, तसं पुस्तक मधूनच उघडा. एक पान पोराला वाचून दाखवा आणि नजर पुस्तकावर नव्हे, पोराच्या चेहऱ्यावर ठेवा. त्याची मान आपसूक पुढे आली की खुशाल न्या घरी.

दांडीची ललिता पहिल्यांदा आली ती पावसाळा ओसरताना. नवरा बोटीवर, आणि ही मासळी सुकवून विकणारी. सोबत चौथीतली हर्षाली. ललितानं आल्या आल्या सगळ्यात जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकावर हात ठेवला. “ताई, हिची भाषा सुदारंल असं काय तरी द्या. वर्गात वाचायला उबी राहिली का पोरं हसतात. लिवलेलं असतं एक, ही वाचते दुसरंच.” आता तर पोर घरीही मोठ्यानं वाचेनाशी झाली होती. म्हणून ललितानं ठरवून टाकलं होतं: दिवाळीनंतर हर्षालीला बोईसरला मावशीकडे ठेवायचं. तिथं राहिली की शुद्ध बोलेल. हे ऐकताना हर्षालीनं आईचा पदर मुठीत घट्ट धरला.

आणि बोईसरला कशासाठी, तर शुद्ध मराठीसाठी! जिथल्या चाळींत कारखान्यांमुळे देशभरची माणसं नांदतात आणि मुलं भांडतातसुद्धा हिंदीत, तिथं? पोहायला शिकण्यासाठी पोराला डोंगरावर धाडण्यातला प्रकार हा. पण आईच्या काळजीला का कुणी हसतं? मी व्याकरण गुपचूप बाजूला सारलं आणि हर्षालीला म्हटलं, “तुला हवं ते तू उचल.”

तिनं बराच वेळ घेऊन एका उनाड बकरीची गोष्ट उचलली. ‘बकरी कुठे आहे? बकरी छपरावर आहे,’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. हर्षालीनं पुटपुटत वाचलं, “बकरी कुटं हाय? बकरी छपरावर हाय.”

“बगा,” ललिता हताश होऊन म्हणाली, “‘आहे’ लिवलंय, न ही ‘हाय’ वाचते. अक्षरं बगतच नाय.”

अक्षरं बघत नाही? अहो, नुसती अक्षरं बघणारं मूल ‘आ’ला ‘हे’ जोडून ‘आहे’च म्हणेल, मग अर्थ कळो वा न कळो. ‘हाय’ म्हणण्यासाठी आधी ‘आहे’ वाचावं लागतं, त्याचा अर्थ मनात उतरावा लागतो आणि मग तो आपल्या घरच्या बोलीचा पेहराव करून ओठांवर यावा लागतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच या मुलीनं एवढा प्रवास केला होता, आणि त्याला चूक म्हणून सगळं जग हसत होतं.

मी हे ललिताला सांगत होते तेवढ्यात हर्षालीनं पान उलटलं आणि ती एकटीच खुदकन हसली. आईनं विचारलं, “काय झालं गो?”

“बकरीनं सरपंचाचं भाषण खाल्लं.”

“मंग?” ललिताच्या तोंडून निघून गेलं. जगातली यच्चयावत पुस्तकं या एका शब्दाच्या आशेवर लिहिली जात असावीत. मी ललिताला एवढंच म्हटलं, की ती वाचताना टोकू नकोस. एकदा पुस्तकासारखं वाचू दे, एकदा तुमच्यासारखं. तिला फारसं पटलेलं नव्हतं. “दिवाळीपर्यंत बगू,” म्हणाली, पण बकरीला घेऊन गेली.

मग दर शनिवारी बातम्या येऊ लागल्या. सुकत घातलेली मासळी उलटीपालटी करणाऱ्या बायकांत बसून हर्षाली प्रत्येक वाक्य दोनदा वाचते. बायका हात थांबवत नाहीत, पण वाचता वाचता ती थांबली की ‘मंग?’ म्हणून ओरडतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ये-जा करणं ही केवढी मोठी विद्या! ती विद्या ही चिमुरडी दांडीच्या उन्हात बसून रोज गिरवत होती.

दिवाळीच्या तोंडावर ललिता आली ती हसू आवरतच. वर्गात हर्षालीला पुन्हा वाचायला उभं केलं होतं. तिनं सबंध धडा खणखणीत वाचला, छापल्याबरहुकूम. सवयीनं एकजण फिदीफिदी हसलाच, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, “हसतो काय? पुस्तकात ‘आहे’ हाय, आन माज्या तोंडात ‘हाय’ आहे. मला दोनी येतात.” सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि या वेळी हर्षालीही हसली.

“आणि बोईसर?” मी विचारलं.

“कुटं नाय जात ती,” ललिता म्हणाली. “बहीणच तिच्या पोरीला धाडते हिकडं सुट्टीत. ती सगळं हिंदीत बोलते ना. हर्षाली शिकवंल म्हणते तिला.”

ती गेल्यावर मी पडवीतली पुस्तकं आवरायला घेतली. डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचे नव्हते. मुलाची भाषा सुधारावी म्हणून आपण त्याला कुठे कुठे पाठवायला निघतो! एक पोर मात्र आईजवळच राहिली, आपल्याच तोंडानं वाचू लागली. मी जिंकले होते, ललिता जिंकली होती, आणि सगळ्यांआधी हर्षाली.