निळ्या रेषेवरचे घरमालक

तीन नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटे. या वेळी मी महाडमधल्या त्या दारावर भाडेकरू म्हणून पहिल्यांदा थाप मारली, आणि त्यानंतर केलेल्या सर्व निरीक्षणांच्या आधारे पूर्ण जबाबदारीने विधान करते की, सपाटीवर राहणाऱ्या मनुष्यजातीत आमच्या घरमालकांइतका उंचीवर जीव टाकणारा माणूस दुसरा नसेल. गिर्यारोहकांचे मला कौतुक नाही. ते शिखरावर जातात आणि मुकाट्याने खाली उतरतात. आमचे घरमालक काका नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या गल्लीत राहत आणि दिवसभर हाताला लागेल ती वस्तू वर चढवत. दार उघडल्यावर त्यांनी माझे नाव विचारले नाही. माझ्या दोन्ही बॅगा उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवल्या आणि मग म्हणाले, "आता बस गो बाय. सामान खाली असलं ना, की माझ्या जिवाला घोर लागतो."

त्या घरात जमिनीवर फक्त माणसे असत, आणि तीही नाइलाजाने. फ्रीज लोखंडी घडवंचीवर इतका वर होता की दूध काढायला काकू स्टुलावर चढत. टीव्ही छताला टेकलेला, त्यामुळे बातम्या पाहणाऱ्यांच्या माना कळसाचे दर्शन घेतल्यासारख्या वर. देव त्याहून वर. सकाळी फुले वाहताना काकू एक डोळा बारीक करून नेम धरत आणि चुकलेले जास्वंद पुन्हा उचलून फेकत. स्कूटर रोज संध्याकाळी फळीवरून ढकलत ओटीवर नेली जाई. खुर्च्यांच्या पायांखाली लाकडी ठोकळे होते, त्यामुळे घरी आलेला कितीही वजनदार पाहुणा बालवाडीतल्या मुलासारखा पाय लोंबकळत बसे. एकदा त्यांचे व्याही बसले होते. गृहस्थ रागीट, काहीतरी मानापमान काढायला आलेले. पण लोंबत्या पायांनी माणसाला नीट रागावता येत नाही हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. दोन वाक्यांत त्यांचा आवाज उतरला आणि ते चहा मागू लागले. हेच व्याही काकांच्या मुलीसाठी आपल्या मुलाचे स्थळ घेऊन आले तेव्हा काकांनी पत्रिकेचा विषय बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला होता, "जोतं किती फूट हाय?" उत्तर समाधानकारक मिळाले, आणि मुलगी पोलादपुरात सुखाने नांदते आहे.

या वेडाचे कारण शोधायला मला फार खोल जावे लागले नाही. उलट वरच जावे लागले. काका मूळचे कुडपणचे. डोंगराच्या माथ्यावरचे ते गाव, घरात गुरे, दारात भातखाचरे. तरुणपणी ते औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात लागले, पाळ्या करता यायला सोयीचे म्हणून महाड गावात जागा घेतली आणि घर बांधले. ज्या माणसाने लहानपणी ढग पायांखाली पाहिले, तो नदीकाठी स्थायिक झाला. वरच्या भावकीने हे त्यांना कधीच माफ केले नाही. डिसेंबरात त्यांच्याबरोबर मी कुडपणला गेले होते. थोरल्या भावाने म्हशीच्या दाव्याला गाठ मारता मारता, वर न बघता विचारले, "आलास काय रे, खाडीतल्या? सोबत मासं आणलंस का नुसताच आलास?"

काका हसले, पण घाट उतरताना प्रत्येक वळणावर मागे वळून माथ्याकडे पाहत राहिले.

आता खरी गोष्ट. मागच्या मोठ्या पुरात काकांच्या घरात छातीइतके पाणी होते. काकूंनी एक दिवस माळ्यावर बसून काढला, आणि उतरल्यावर सांगितले की, या घरात पावसाळ्यात यापुढे राहणार नाही. तेव्हापासून दर जूनमध्ये त्या कुडपणला थोरल्या दिरांकडे जात आणि नवरात्राच्या सुमारास परत येत. काका घर राखत एकटे थांबत. संसारातल्या प्रत्येक वर्षाचा तिसरा हिस्सा असा डोंगर आणि नदी यांच्यात वाटला गेला होता.  मे महिन्यात काकू लोणच्याच्या दोन वेगळ्या बरण्या भरत.

यावर काकांनी काढलेला उपाय त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. संपूर्ण घर उचलायचे. चेष्टा नव्हे, भिंतींखाली जॅक लावून, एकेक वीत वर घेत, खाली नवे जोते बांधतात. परगावचा ठेकेदार येऊन पाहून गेला होता. पावसाआधी काम होण्यासारखे होते. उरली होती परवानगी, आणि परवानगी अडली होती माझ्यापाशी.

मी सरकारी मोजणी अधिकारी. माझे काम थोडक्यात सांगते. नदीकाठच्या गावात पूररेषा असतात: नेहमीच्या पुराची निळी, आणि तिच्याहून वर, क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे तिच्याहून कमी उंचीवर, कोणतेही नवे बांधकाम चालत नाही, आणि घर उचलणे हे बांधकामच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे मात्र जोते वर घेऊन बांधता येते. रेषा म्हणजे शेवटी एक उंची. अडचण अशी होती की पूर मोजणारे समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजत, आणि घरांच्या उंच्या गावातल्या एका जुन्या खुणेच्या दगडावरून काढलेल्या होत्या. त्या दगडाची उंची समुद्राशी नव्याने ताडून पाहिली तेव्हा कागदावरच्या आकड्याहून वीतभर कमी भरली. चूक कुणाचीच नव्हती. ज्या काळात जसे मोजता येई तसे मोजले होते. पण दोन वेगळ्या शून्यांपासून मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवून नियम चालवणे म्हणजे एकाची चप्पल आणि दुसऱ्याचा पाय. नियमावलीत आता एकच आधारपातळी येणार होती, आणि गावातल्या प्रत्येक घराचा आकडा वीतभर उतरणार होता. हे काम उत्तम व्हावे, किनारपट्टीवरच्या इतर गावांनी ते नमुना म्हणून घ्यावे, आणि त्यावर माझे नाव असावे, अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. ती मी लपवली नाही.

काकांच्या गल्लीत निळी रेषा ८.४०० मीटरवर होती. त्यांच्या जुन्या कागदावर घराची उंची ८.६२ होती. वीतभर वजा केल्यावर काय उरते हे त्यांना कळायला माझ्या शिक्षणाची गरज नव्हती.

"म्हंजे माझं घर खचलं?"

"घर आहे तिथंच आहे, काका. मोजायची सुरुवात बदलली."

"मग सुरुवात होती तिथंच ठेवा ना! कुणाला नडत होती?"

"पुराला," मी म्हणाले. माझे उत्तर बरोबर होते. तरीही त्या दिवशी काका माझ्याआधीच जेवून उठले. मी त्यांच्याकडे राहते हे मी वरिष्ठांना लेखी कळवले होते. वरिष्ठांनी उत्तर दिले की, या गावात कुणाच्याही घरी राहिलात तरी तो पुरातलाच निघणार.

मार्चमध्ये हरकतींची सुनावणी झाली. सभागृह गच्च भरले होते, पंखे फिरत होते आणि घाम तरीही निथळत होता. काकांच्या समोरच्या घरातले किराणा दुकानदार पहिले उठले. "ही बाई ह्यांच्याच घरात जेवते. ह्यांचं घर बरोब्बर वरती भरणार, नि आमचं बुडणार! लिहून ठेवा!"

"अरे, माझं घर तुझ्यापेक्षा वर हाय ते काय आजचं हाय?" काका ओरडले. "तुझी साखर पुरात गेली तेव्हा माझी माळ्यावर होती."

"तुमची साखर माळ्यावर नि बायको डोंगरावर!"

सभागृहात हशा उसळला आणि मधेच थांबला. काका उभेच होते. मग ते बसले. त्यांना बसताना, म्हणजे आपणहून खाली जाताना, मी फार क्वचित पाहिले होते. दुकानदारांनाही ते लागले असावे. ते उगीच पाणी पिऊ लागले. शेवटी सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. सर्वांदेखत मोजायचे, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि ज्याचे घर त्याने स्वतःच्या हाताने स्टाफ धरायचा. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली उंच उभी पट्टी. ती जमिनीवर टेकवून धरतात आणि दूर तिपाईवर ठेवलेल्या दुर्बिणीतून मी आकडा वाचते. दुर्बिणीची पातळी ठरलेली असते, त्यामुळे पट्टीवरचा आकडा जितका लहान, तितकी जमीन उंच.

एप्रिलच्या त्या सकाळी गल्लीत सगळे दारांत उभे होते. मी एकेक घर घेत गेले. आकडा सांगितला की कुणी सुस्कारा टाकी, कुणी दार लोटून आत जाई. दुकानदारांचे घर निळ्या रेषेच्या चांगलेच आत आले. त्यांनी स्टाफ काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या. तुमचं तरी होऊ द्या." सुनावणीतल्या भांडणाचे काही त्यांच्या आवाजात नव्हते.

काका उंबऱ्यापुढच्या अंगणात, ठरल्या खुणेवर उभे राहिले. नवी इस्त्रीची लुंगी, नवा शर्ट. मी दुर्बिणीला डोळा लावला. आकडा छान होता. दुर्बिणीच्या उंचीतून तो मनात वजा केला: ८.४२. निळ्या रेषेच्या, म्हणजे ८.४००च्या, वर. आकडा सांगायला मी तोंड उघडले, आणि तेवढ्यात भिंगातला आकडा हलला.

तो वाढत होता. अगदी हळू. मग दचकून कमी झाला, आणि पुन्हा वाढू लागला. टेकवलेली पट्टी डुलते, कलते. पण अशी वरखाली होत नाही. आकडा श्वास घेत होता. काकांनी स्टाफ जमिनीपासून उचलून धरला होता. तळ लुंगीच्या घोळात झाकला गेल्याने गल्लीतल्या कुणाला दिसत नव्हते, आणि माझ्या भिंगात दुसरे कुणी पाहत नव्हते.

"काका, स्टाफ टेकवा."

"टेकलाय."

"आकडा हलतोय."

"हात थरथरतो गो. वय झालं."

मी थांबले. जे लिहीन तेच अंतिम होणार होते. दोन-तीन सेंटीमीटरने नदीचे काही बिघडत नव्हते. जॅक लागले असते, जोते उभे राहिले असते, आणि जूनमध्ये काकू घरी असत्या. पण तोच स्टाफ याआधी सगळ्यांनी टेकवून धरला होता. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात आता खरोखरच थरथरू लागला होता. जिच्यासाठी ते उचलून धरत होते ती व्यक्ती ओटीच्या पायरीवर उभी होती.

"मी वाट बघते, काका," मी म्हणाले.

दुकानदार खाकरले. कुणीतरी म्हणाले, "काय झालं? आकडा का सांगत नाय?"

तेव्हा काकू पायऱ्या उतरल्या. त्यांना मागच्या बाजूने दिसले असणार. त्या नवऱ्याजवळ आल्या, पदराने त्यांचे कपाळ पुसले, आणि लोकांना वाटावे की म्हाताऱ्याला आधार देत आहेत, असा आपला हात त्यांच्या मुठीवर ठेवून सावकाश खाली दाबला. स्टाफ अंगणातल्या दगडावर टेकल्याचा आवाज मला एवढ्या दुरून आला. भिंगातला आकडा एकदा हलला आणि मग स्थिर झाला.

"अहो, किती वेळ धराल," काकू हळूच म्हणाल्या. "हात दुखतील."

"तू बरी राहिली असतीस गो इथं," काका म्हणाले. त्या दोघांशिवाय हे कुणाला ऐकू जाऊ नये, अशा बेताने. पण गल्ली इतकी शांत होती की मला ऐकू आले.

"मग तुम्ही या वर. थोरले दीर बोलतील चार दिवस. पाचव्या दिवशी म्हशी सोडायला लावतील."

 काकांनी स्टाफ दोन्ही हातांनी सरळ धरला, पायांनी लुंगीचा घोळ बाजूला केला, म्हणजे तळ सगळ्यांना दिसेल, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाय, आता घे. हाय तेच लिही. नि मोठ्यानं सांग, दुकानदाराला कमी ऐकू येतं."

मी पुन्हा वाचले. वजाबाकी दोनदा केली. मग मोठ्याने सांगितले, आणि लिहिले: ८.३९१.