बकारामांनी सोडलेले यजमानपद

सुमित्राबाईंचा देवावरचा विश्वास वयाच्या नवव्या वर्षी गेला आणि त्यामागे कोणतेही दुःख नव्हते. नव्या धानाचा पहिला घास देवाला दाखवण्याआधी तोंडात घातला तर पोट फुगते, असे आईने सांगितले होते. मुलीने धान साठवायच्या ढोलीमागे लपून मूठभर नवे तांदूळ खाल्ले आणि तीन दिवस वाट पाहिली. "पोट काई फुगलं नाही. मंग म्या बाकीचंबी तपासलं," एवढेच त्या सांगतात.

त्यांचे पती बकाराम हे गावातील हनुमान मंदिराचे सर्वांत नियमित भक्त. गाव नवेगाव बांधपासून सात किलोमीटरवर. दोघे मिळून ठेक्याच्या दोन एकरांत धान लावतात. गेली बावीस वर्षे बकाराम पहाटे मंदिराच्या पायऱ्या धुतात आणि आरती म्हणतात. मधल्या आजारपणातले अकरा दिवस ते स्वतःच वजा करतात.

लग्न १९९९ साली झाले. मुलगी पाहायला गेलेल्या बकारामांना मुलीनेच सर्वांदेखत सांगितले होते, "मी देव मानत नाही. मांगून बोल लावू नोका."

बकारामांनी विचारले, "मी भजनात जातो. चालंल का?"

"गळा बरा असंल तं."

हा संवाद दोघांकडून वेगवेगळा ऐकला. शब्दांत फरक आढळला नाही. त्यावर बकारामांनी तिथेच एक अभंग म्हणून दाखवला की नाही, याबद्दल मात्र दुमत आहे. गळा बरा निघाला, हे सुमित्राबाई मान्य करतात.

गावात असे सांगतात की बकारामांनी बायकोला हळूहळू वळवले. याला आधार नाही. वटपौर्णिमेवरून नातेवाईक बायका टोमणे मारतात तेव्हा बकारामच उत्तर देतात: "तिनं एकबी वड पुजला नाही, अन् मी अजून जित्ता हाओ." थंडीत डोळा लागून राहिला तर सुमित्राबाई त्यांना चहा देऊन उठवतात: "उठा वो, तुमचा देव वाट पाहून राहिला असंल." देव्हाऱ्याला त्या हात लावत नाहीत, देव्हाऱ्यासमोरचे सारवण मात्र त्यांचेच असते, कारण ती जमीन आहे.

२०२४च्या माघात मंदिरात नवी मूर्ती बसवायचे ठरले. प्राणप्रतिष्ठेला यजमान जोडपे लागते: पती संकल्प सोडतो, पत्नी त्याच्या हाताला हात लावून बसते, आणि आपण श्रद्धेने हे करत आहोत असे दोघेही म्हणतात. मंदिर समितीने एकमताने बकारामांचे नाव घेतले. घरी आल्यावर त्यांनी सदरा काढला, पुन्हा घातला आणि अंगणात दोन चकरा मारल्या, असे सुमित्राबाईंनी पाहिले. बावीस वर्षांत त्यांनी मंदिराकडे मागितलेले हे एकच होते, आणि तेही तोंडाने मागितले नव्हते.

"बजरंगबली सोता बिनलग्नाचा," सुमित्राबाई म्हणाल्या, "त्याले जोडपं कायले लागते?"

बकाराम हसले.

चार दिवसांनी समितीची सभा झाली. अध्यक्ष शालीकराम यांना अडचण ठाऊक होती आणि तोडगाही त्यांच्याजवळ तयार होता. सभेतील बोलणे खाली दिले आहे ते बकाराम आणि शालीकराम या दोघांच्याही सांगण्याशी जुळते.

"बायको नसंल तं कमरेले सुपारी खोचून बसता येते. तुले ठावूकच हाये."

"ज्याची नाही त्यानं खोचावी, भाऊ. माही घरी बसली हाये."

"मंग आन तिले. दोन घंट्याचं काम. पंडितजी म्हणतील तसं म्हणंल. मनात काय हाये थे कोन पाहून रायलं?"

बकाराम उठून उभे राहिले. "पंचवीस वर्षांत तिनं मले एक खोटं सांगतलं नाही. पहिलं खोटं तिच्याकडून देवासमोर बोलवू? माहा देव काय इतका स्वस्त हाये?"

बकारामांनीच पुढे छोटेलाल आणि त्यांच्या पत्नीचे नाव सुचवले आणि ते घरी निघाले.

घरी सुमित्राबाईंनी लग्नातला शालू उन्हात टाकला होता. नवऱ्याला हे यजमानपद किती हवे आहे ते चार दिवस पाहून त्यांनी ठरवले होते की बसायचे, आणि म्हणायला सांगतील ते म्हणायचे. झालेली गोष्ट कळताच त्या संतापल्या.

"मी बसणारच होती! मले विचारलं काऊन नाही?"

"म्हणूनच नाही विचारलं," बकाराम म्हणाले. "तू हो म्हटली असती."

त्या रात्री दोघे जेवताना बोलले नाहीत. हे दोघांनीही सांगितले, आणि दोघेही सांगताना हसत होते.

प्राणप्रतिष्ठा ठरल्या दिवशी झाली. छोटेलाल दांपत्य यजमान होते. मूर्तीच्या खांद्यावरचे फूल गर्दीत उभ्या बकारामांच्या दिशेने पडले, असे गावात अजून सांगतात. फूल पडलेले त्या दिवशीच्या छायाचित्रात दिसते. त्याच छायाचित्रात मूर्तीच्या पलीकडे लावलेला पंखाही दिसतो. बकारामांच्या शेजारी सुमित्राबाई उभ्या आहेत, हात न जोडता.

महिनाभराने त्यांच्या कानावर आले की सभेच्या इतिवृत्तात असे लिहिले आहे: "श्री. बकाराम यांनी घरगुती अडचणीमुळे यजमानपद नाकारले." सातवी पास सुमित्राबाई थेट शालीकरामांच्या दारात गेल्या.

"घरगुती अडचण म्हंजे मीच नं?"

"सभ्य भाषा आहे बाई. तुमचंच झाकलं."

"माहं उघडं हाये गावाले. झाकलं गेलं थे ह्यायचं. ह्यायनं काय सोडलं अन् कायले सोडलं, थे लिवा."

शालीकराम आठ दिवस टाळत राहिले. सुमित्राबाई आठही दिवस गेल्या. शेवटी पुढच्या सभेत दुरुस्ती वाचून मंजूर झाली. मूळ पान पाहून ती येथे उतरवली आहे:

"मागील नोंदीतील कारण चूक आहे. बकाराम यांच्या पत्नी सुमित्राबाई देव मानत नाहीत. त्यांना मूर्तीसमोर खोटे बोलावे लागू नये, म्हणून बकाराम यांनी यजमानपद स्वतः सोडले. त्यांच्या घरी कोणतीही अडचण नाही."

खाली शालीकरामांची सही आहे आणि तिच्याशेजारी, मोठ्या गोल अक्षरांत, सुमित्राबाईंची. त्या वहीच्या एकशे चाळीस पानांत दुसऱ्या कोणत्याही स्त्रीची सही नाही.

या पानाची झेरॉक्स बकारामांनी देव्हाऱ्यात ठेवली आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ती वाचून दाखवतात. सुमित्राबाईंची एकच तक्रार आहे: उदबत्तीच्या धुराने कागद पिवळा पडत चालला आहे.