एक डोळा मिटून

निसर्गचित्रं काढणाऱ्या माणसाकडे चित्रांपेक्षा किस्से जास्त साठतात. चित्र कधी ना कधी कुणीतरी घेऊन जातं, किस्सा मात्र आपल्याच घरात राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी सुरतेत आणि आजूबाजूला जलरंगात चित्रं काढत हिंडतोय, दर रविवारी, आणि सोबतीला दोघं ठरलेली. एक धनसुखभाई, ज्यांनी आयुष्यभर साड्यांवरच्या फुलांची डिझाइन्स काढली आणि आता फुलाकडे बघायलाही तयार नाहीत. दुसऱ्या सुनीताताई, मराठी शाळेत चित्रकला शिकवायच्या. चहाला बसलो की लोक म्हणतात, सर, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या. मी सांगतो, सगळे हसतात. पण नीट पाहिलं तर माझ्या प्रत्येक किश्शात मान खाली घालायची वेळ माझ्यावरच आलेली असते. आणि एका किश्शात तर मथुराबाईंचं घर आहे, म्हणून तो मी चहाबरोबर सांगत नाही. आज सांगणार आहे.

* * *

सुरुवात कामरेजच्या किश्शाने करतो, कारण सगळ्या भानगडींचं मूळ तिथे आहे.

चित्रकार समोरचं दृश्य मोजतो कसं? हात लांब करायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा. झाड पेन्सिलीएवढं, तर घर अर्ध्या पेन्सिलीएवढं. डोक्यावर टोपी, समोर स्टँडवर बोर्ड, आणि माझ्यासारखा पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ. लांबून बघणाऱ्याला काय वाटेल?

कामरेजच्या पुढे उसाच्या शेताकडेला आम्ही तिघं असे डोळे मिटून उभे होतो. एक म्हातारे शेतकरी घाईघाईने आले, काखेत सातबाराची पिशवी. हायवे रुंद करायला जमीन मोजताहेत अशी त्यांची खात्रीच झाली होती. धनसुखभाईंनी समजावलं, "काका, अमे तो चित्र दोरीए छीए."

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो पछी एक आंख केम बंध करो छो?"

चित्र काढताय, तर एक डोळा कशाला मिटता म्हणे! काकांचा विश्वास काही बसला नाही. त्यांनी घरी निरोप धाडला आणि अर्ध्या तासात आमच्यापुढे गरम पोंक, तिखट शेव आणि ताक आलं. हुरडा म्हणा हवं तर, पण सुरतेत पोंकच म्हणायचं. काका शेत वाचावं म्हणून खिलवत होते. सुनीताताईंनी हात लावला नाही. मी दोनदा मागून घेतला.

* * *

दुसरा किस्सा एका कापड व्यापाऱ्याचा. त्यांना ऑफिससाठी तापीचं मोठं चित्र हवं होतं. मी पुलापाशी बसून आठ दिवस खपलो. बरं झालं होतं हो! पण त्यांचे वास्तुवाले आले आणि म्हणाले, या भिंतीवर लावलं तर नदी दाराबाहेर वाहते, लक्ष्मी निघून जाईल. प्रवाह आतल्या बाजूला हवा.

बँकेत मी नियमांवर बोट ठेवणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. इथे मी एका शब्दाने विरोध केला नाही. घरी गेलो आणि नदी उलटी वाहवली. होड्यांची तोंडं फिरवली, पाण्यातल्या रेघा फिरवल्या, सूर्यसुद्धा हलवला. गिऱ्हाईक खूश, वास्तुवाले खूश.

धनसुखभाई ते बघायला आले आणि बराच वेळ हनुवटी खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमारी तापी दरियामांथी नीकळीने उकाई जाय छे. डॅमवाळाने खबर आपी दो."

* * *

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समोर दिसेल ते सगळं काढायचं नसतं. विजेचा खांब नको वाटला, गाळा. उकिरडा आहे, तिथे गवत दाखवा. याला आम्ही रचना म्हणतो, आणि ही रचना मी शिकवतोही.

पांडेसऱ्याला एकदा खाडीकाठी बसलो होतो. वरच्या मिलमध्ये त्या दिवशी कुठला रंग चालू होता कोण जाणे, पाणी गडद राणी कलरचं वाहत होतं. सुनीताताईंनी तसंच काढलं. मी मिलची धुराडी गाळली, पाणी निळसर केलं आणि वर दोन बगळे सोडले.

पुढे एका प्रदर्शनात दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लागली. एक जोडपं सुनीताताईंच्या चित्रापुढे थांबलं आणि म्हणालं, पाणी असं कुठे असतं का? मग माझ्याकडे वळून म्हणाले, याला म्हणतात नैसर्गिक. मी हात जोडून "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिलो. ताई शेजारीच होत्या, आणि खरं पाणी कुणाचं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ते लोक गेल्यावर ताई म्हणाल्या, "सर, मी तुमच्या चित्रात राहायला येते. तिथे वास येत नसेल."

त्या हसत होत्या. मला मात्र दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देता आली नाही.

* * *

आता मथुराबाई.

गोडादऱ्याच्या पलीकडे खाडीच्या वळणावर एक वस्ती होती. पत्र्याची घरं, बहुतेक सगळी खान्देशातली माणसं, कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या फोल्डिंगला. सकाळचं ऊन त्या पत्र्यांवर फार सुंदर पडायचं. एका रविवारी धनसुखभाई आणि ताई दोघंही नव्हते, तेव्हा मी एकटाच स्टँड घेऊन गेलो. टोपी, बोर्ड, पेन्सिल आणि मिटलेला डोळा.

पाच मिनिटांत खुर्ची आली. दहाव्या मिनिटाला चहा आला, बशी झाकून. एकाने माझ्यावर छत्री धरली. एरवी चित्र काढताना पोरं पाठीवर चढतात, इथे एका म्हाताऱ्याने त्यांना हाकलून लावलं. मग पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या, पदर सावरला आणि अदबीने विचारलं, "साहेब, नंबर कवय पडी?"

वस्ती हलवणार, त्याआधी घरांना नंबर पडणार, नंबर पडलेल्यांना पक्क्या खोल्या मिळणार, अशी तिथे वर्षभर चर्चा होती. मी त्या कामासाठी आलोय असं त्यांना वाटलं. यात त्यांची काही चूक नव्हती. मी फक्त म्हणायचं होतं, बाई, मी चित्रकार आहे.

मी म्हणालो, "पडेल लवकरच."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. का म्हणालो, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि ते फार लाजिरवाणं आहे. निवृत्त झाल्यापासून मला कुणी त्या आवाजात साहेब म्हटलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तिथेच बसून चित्र काढलं.

मथुराबाईंचं घर नळाजवळ, अगदी पुढे. छपरावर भडक निळं प्लॅस्टिक. ती निळाई सगळ्या चित्राला खाऊन टाकत होती, नजर दुसरीकडे जाईचना. मी तिथे एक कडुनिंब उभा केला. चित्र लगेच जमून आलं. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, पण ओल्या रंगात त्यांना काय कळणार.

"मनं घर लिधं ना, साहेब?"

"घेतलं."

"नाव लिखी ल्या. मथुराबाई."

मी कागदाच्या मागे पेन्सिलीने त्यांचं नाव लिहिलं. चित्रावर सही केली, खाली तारीख घातली आणि दुसरा चहा घेऊन घरी आलो.

* * *

चार महिन्यांनी खरे सर्व्हेवाले आले. ही गोष्ट मला सुनीताताईंकडून कळली, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं माहेर त्या वस्तीत होतं.

आदल्या दिवशी रिक्षातून पुकारा झाला होता की प्रत्येक घरातलं कुणीतरी हजर राहा. सगळ्या वस्तीने खाडे केले. मथुराबाई एकट्या घराला कुलूप घालून कामावर गेल्या. शेजारणींनी विचारलं तर म्हणाल्या, आपलं नाव साहेबांनी आधीच लिहून नेलंय, परत कशाला खाडा करायचा. त्यांच्या दाराला नंबर पडला नाही. पुढे वस्ती पाडली तेव्हा बाकीच्यांना खोल्या मिळाल्या. मथुराबाई मुलीच्या सासरी एका कोपऱ्यात राहायला गेल्या.

ताई सांगत होत्या तेव्हा त्यांना तो साहेब कोण हे माहीत नव्हतं. "असे कोण भामटे फिरतात देव जाणे," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

नाही म्हणायला मी एकदा सर्व्हेच्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या भल्या माणसाने बसायला खुर्ची दिली. म्हणाला, यादी अजून बंद नाही झाली साहेब, घर तिथे होतं असा काही पुरावा आणा. लाइट बिल, जुना फोटो, काहीही, फक्त तारीख पाहिजे. नाहीतर ज्याने घर पाहिलंय अशा चांगल्या माणसाने लिहून दिलं तरी बघू.

मी पाहिलं होतं. पण लिहून द्यायचं तर मी तिथे कोण म्हणून खुर्चीत बसलो होतो, हेही लिहावं लागलं असतं. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

घरी येऊन ते चित्र कपाटातून बाहेर काढलं. ओल्या स्पंजने निंब पुसता येईल का पाहिलं. जलरंगात एकदा गडद हिरवा बसला की त्यावर उजळ काही चढत नाही. तो आधी उचलावा लागतो आणि उचलताना कागद सोलतो. एका फांदीपाशी कागदाचे तंतू निघायला लागले आणि मी थांबलो. चांगलं चित्र वाया जाईल म्हणून थांबलो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा.

हिवाळ्यात आमच्या तिघांचं प्रदर्शन होतं. ते चित्र मधल्या भिंतीवर, 'खाडीकाठची सकाळ'. लोक थांबून बघत होते. दुपारी सुनीताताई दोन बायकांना घेऊन आत आल्या. एक तिशीची, हातात मोबाइल. दुसऱ्या तिच्या आई, मथुराबाई. इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या आणि चपला दाराशी काढून ठेवल्या होत्या.

ताईंना फार आनंद झाला होता. त्या म्हणाल्या, "सर, यांना घराचा पुरावा हवाय, आणि यांच्याकडे घराचा एकही फोटो नाही. मला एकदम तुमचं चित्र आठवलं. त्याच्यावर तारीखही आहे!"

मथुराबाईंनी मला ओळखलं. रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत, हात जोडून "बरं शे ना, साहेब?" म्हणाल्या. ताई माझ्याकडे बघायला लागल्या, आणि बघतच राहिल्या.

बाई चित्राजवळ गेल्या. काचेपासून चार बोटं लांब बोट धरून एकेक घर मोजायला लागल्या. हे शांतीचं, हे वाल्मीकचं, हा नळ. त्यांना सगळं सापडत होतं. सहा महिन्यांपूर्वी पाडलेली अख्खी वस्ती त्यांना माझ्या चित्रात सापडली. नळाच्या पुढे बोट सरकलं आणि निंबावर येऊन थांबलं.

त्यांनी बोट मागे घेतलं. पुन्हा पहिल्या घरापासून मोजत आल्या. बोट पुन्हा तिथेच थांबलं.

"आठे निंब नव्हता, साहेब."

धनसुखभाई हनुवटी खाजवत चित्राजवळ आले.

मुलगी आईला म्हणाली, चल, जाऊ. पण मथुराबाई हलल्या नाहीत. चित्राकडे बघत होत्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा निवळला. मुलीला समजावून सांगावं तसं त्या म्हणाल्या, "निंबना मांगे शे ना वं आपलं घर. साहेबले माहीत शे. साहेबनी सोता देखेल शे." मग माझ्याकडे वळल्या. "मांगेच शे ना, साहेब?"

"हो," मी म्हणालो. "मागेच आहे."

"मंग तुम्ही आठे झाडपान उभा ऱ्हा. ऑफिसमा दाखाडाले बरं."

मी निंबाच्या बाजूला उभा राहिलो. मथुराबाई दुसऱ्या बाजूला आल्या, पदर सारखा केला आणि बोट झाडावर ठेवलं. मुलीने मोबाइल वर धरला, नीट दिसेना म्हणून एक डोळा मिटला.

"अंकल," ती म्हणाली, "थोडा हसो ने."

मी हसलो.