बॉसच्या घरचा दुसरा बर्गर

मंडळी, सोमवारी आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या ऑफिसात ले-ऑफ, म्हणजे नोकरकपात जाहीर होणार आणि आज बॉसने टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट बघायला घरी बोलावलं. यात प्रोफेशनल टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात. कोण कुठे जाणार, ते आपण आधी ओळखायचं. मी सगळे खेळाडू पाठ करून गेलो.

ठणकावून म्हणालो, "बेस्ट खेळाडू चॅम्पियन टीमकडे!" आपल्याकडे टॉपर बेस्ट कॉलेजातच जातो ना?

सगळे खो खो हसले. सोबत आलेली माझी मुलगी कानात म्हणाली, "बाबा, वर्स्ट टीम पिक्स फर्स्ट!" म्हणजे तळातली टीम आधी निवडते.

बॉस तेवढा हसला नाही. मी नको नको म्हणत असताना त्याने माझ्या प्लेटमध्ये दुसरा बर्गर वाढला, माझ्याकडे न बघता.

इतक्या वर्षांत इथे मला कुणी आग्रह केलेला नाही. तुम्हाला केलाय का हो कुणी, ले-ऑफच्या आधी? आणि मग सोमवारी काय झालं?