हिरवी वायर

माझा सौंसरचा दोस्त टीव्ही आणि इंडक्शन चुलीचे बोर्ड दुरुस्त करायचा. चालू बोर्डात हात घालायचा धंदा. म्हणून तो पांढुर्ण्याला माझ्या वाइंडिंगच्या दुकानात आला आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मागू लागला. मी जन्मभर तांब्याची तार गुंडाळून पंपाच्या मोटारी बांधलेला माणूस. त्याची टर उडवायची संधी मी कशाला सोडतो?

"दोनशे तीस व्होल्ट घालायचे अन् दोनशे तीसच काढायचे? काहून बे, तांबं जास्त झालं काय?"

"लाइनीपासून वीज वेगळी होते ना," तो म्हणाला. "मंग चुकून एका वायरीले हात लागला तरी झटका बसत नाही."

काम मी मन लावून केलं. दोन्ही वाइंडिंग वेगळ्या ठेवल्या, मध्ये कागदाचे जादा थर दिले, वार्निश चांगलं मुरू दिलं. अर्थिंगशिवाय माल देत नाही हा माझा तोरा, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला हिरव्या वायरीने अर्थिंग दिलं. ते बरोबरच होतं. पण सवयीने तीच वायर वीज बाहेर निघणाऱ्या एका टोकालाही जोडली. वेगळी केलेली वीज मीच पुन्हा जमिनीशी जुळवली; आता दुसऱ्या वायरीला नुसता हात लागला तरी झटका बसणार होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

माझ्या भरवशावर त्याने झटका बसू नये म्हणून पायाखाली ठेवलेली लाकडी फळी काढून टाकली. उन्हाळ्यात कूलरच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर तो अनवाणी उभा होता आणि बोर्डाला हात लागला. त्याच्या बायकोने मेन स्विच पाडला म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची आखडली.

"तपासून देतो" म्हणून मी डबा घरी आणला. उघडताच चूक दिसली. त्या टोकाची वायर कापली, झाकण लावलं आणि "माल ठीक आहे" असं सांगून परत दिला. चूक कोणाच्याही हातून होते. पण ती लपवली मी जाणूनबुजून, आणि याची मला लाज वाटते.

आता त्याला सोल्डरिंग जमत नाही, मोबाइलची कव्हरं विकतो. गेल्या आठवड्यात सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. त्याच्या दुकानात एक शिकाऊ मेकॅनिक उभा होता. मला पाहताच दोस्त त्याला म्हणाला, "हाच तो माणूस. याच्या ट्रान्सफॉर्मरनं वाचलो बावा मी, नाही तं त्या दिवशी मेलोच असतो. तू बी यालेच सांग बनवाले."

त्या पोराने माझा नंबर मागितला. मी दिला.