फ्रीजरचा झटका
व्हॅनिलाचा वास आला की मला सुरतमधलं माझं आइस्क्रीमचं दुकान आठवतं. नव्वदीच्या दशकात मी एका कंपनीची फ्रँचायझी घेतली होती; पाटी आणि फ्रीजर त्यांचे, माणसं माझी. काउंटरवर खानदेशातली एक बाई होती. दोन दिवस ती सांगत होती, "शेठ, फ्रीजरला हात लावला की झिणझिण्या येतात." मी कंपनीला फोन केला, तर म्हणाले, "मेकॅनिक पाठवतो. बंद केलात तर वितळलेला माल तुमच्या माथी." मी फ्रीजर चालूच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी फरशी पुसून उठताना तिनं ओल्या हातानं झाकण धरलं आणि हात सुटेचना. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तशी ती खाली कोसळली. दवाखान्यात तासाभरानं तिनं डोळे उघडले. तिचा नवरा कापडाच्या लूमवरून तसाच धावत आला होता, केसांत सुताचे तंतू अडकलेले. हळूच त्यानं विचारलं, "शेठ, तुमले माहीत व्हतं का?" कंपनीचं नाव अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "हो. तिनं सांगितलं होतं." तो वळला आणि तिच्या खाटेपाशी जाऊन बसला. ती बरी झाली, पण माझ्या दुकानात परत आली नाही. आजही वाटतं, त्यानं निदान एक शिवी तरी द्यायला हवी होती.